सामायिक खतावणी आणि लघुउद्योजकाचे येणे

माल गेला, चलनावर सही झाली, बिल पोचले. पैसा मात्र आलेला नाही. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यातील लघुउद्योजकाची ही नित्याची कहाणी आहे. विजेचे बिल ठरलेल्या तारखेला भरावे लागते, कामगारांचा पगार महिन्याच्या पहिल्या आठवड्यात चुकता करावा लागतो, कच्चा माल देणारा फार दिवस थांबत नाही. आणि ज्या बड्या कंपनीला सुटे भाग, रसायने, वेष्टने किंवा तयार कपडे पुरविले, ती मात्र बिल चुकते करण्यास तीन-तीन, चार-चार महिने लावते. या मधल्या काळाचे व्याज अखेर व्यवहारातील सर्वांत दुबळ्या घटकाच्या खिशातून जाते. समजा, एखाद्या कारखानदाराचे १० लाख रुपयांचे बिल १२० दिवस अडकून पडले आणि तेवढा काळ त्याने वर्षाला १८ टक्के दराने बाहेरून पैसा उचलला, तर सुमारे ५९ हजार रुपये निव्वळ व्याजात जातात. तेच बिल बँकेने ९ टक्क्यांनी वटविले तर हा खर्च निम्म्यावर येतो. दहा-बारा माणसांच्या कारखान्यात हा फरक म्हणजे एका कामगाराचा पगार किंवा बंद पडलेल्या यंत्राची दुरुस्ती होय.

या जुन्या दुखण्यावर गेल्या काही वर्षांत एक नवे औषध सुचविले जात आहे. त्याचे नाव ब्लॉकचेन. हे नाव ऐकताच सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे बिटकॉइनचा सट्टा उभा राहतो, आणि त्यात त्याची चूक नाही. २००८ मध्ये सातोशी नाकामोतो या टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या निबंधात ही कल्पना मांडली गेली आणि २००९ च्या जानेवारीत बिटकॉइनच्या रूपाने ती प्रत्यक्षात आली. तथापि चलनाचा आणि सट्ट्याचा भाग बाजूला काढला तर मागे जे उरते ते अगदी साधे, किंबहुना रूक्ष आहे. ती एक वही आहे. ही वही कोणी लिहावी, कोणी राखावी आणि तिच्यावर कोणाचा ताबा असावा, हे प्रश्न मात्र मुळीच रूक्ष नाहीत.

वही कोणाची?

व्यापारात प्रत्येकाची कीर्द-खतावणी वेगळी असते. पुरवठादाराच्या वहीत येणे दिसते, खरेदीदाराच्या वहीत तेच देणे दिसावे अशी अपेक्षा असते, आणि बँकेच्या वहीत तिसरीच नोंद असते. या वह्या जुळत नाहीत तेथून तंटे सुरू होतात आणि लबाडीलाही तेथेच वाव मिळतो. २०१८ च्या फेब्रुवारीत मुंबईत उघडकीस आलेल्या पंजाब नॅशनल बँकेच्या सुमारे १३,००० कोटी रुपयांच्या घोटाळ्याचे मर्म हेच होते. परदेशी बँकांना हमीचे संदेश एका यंत्रणेतून जात होते आणि बँकेच्या मुख्य हिशेबात त्यांची नोंदच होत नव्हती. दोन वह्या एकमेकींशी बोलत नव्हत्या.

ब्लॉकचेनमध्ये व्यवहारातील सर्व सहभागी एकच वही राखतात आणि तिची प्रत प्रत्येकाकडे असते. नोंदींच्या प्रत्येक गठ्ठ्याचा गणिताने एक ठसा काढला जातो आणि तो पुढच्या गठ्ठ्यात गोवला जातो. मागची एक नोंद बदलली तर तिचा ठसा बदलतो, त्यापुढचे सारे ठसे चुकतात आणि इतरांच्या प्रतींशी ताळा जमेनासा होतो. चूक दुरुस्त करायची तर नवी उलट नोंद घालावी लागते. जुन्या पेढीवरील मुनीमही वहीत खाडाखोड करू देत नसे. चुकीची नोंद तशीच ठेवून तो तिच्याविरुद्ध दुसरी नोंद टाकीत असे. तत्त्व तेच आहे, केवळ त्या मुनीमाच्या जागी गणित आले आहे.

येथे एक शंका कोणीही घेईल. सरकारनेच एक मध्यवर्ती वही का ठेवू नये? ज्या ठिकाणी सर्वांना मान्य असा एकच विश्वासू राखणदार आहे, तेथे ब्लॉकचेनचे प्रयोजन नाही, हे या शंकेचे प्रामाणिक उत्तर आहे. वस्तू व सेवा कराच्या ई-बीजकाला मिळणारा ६४ अक्षरांचा स्वतंत्र क्रमांक हा मध्यवर्ती व्यवस्थेचाच आहे आणि ती व्यवस्था चालते. प्रश्न उभा राहतो तो एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेल्या संस्थांना एकत्र व्यवहार करायचा असतो आणि आपले गिऱ्हाईक व आपले हिशेब कोणा एकाच्या हवाली करण्यास त्यांच्यापैकी कोणीच तयार नसते तेव्हा. बिल वटविण्याच्या धंद्यात नेमकी हीच अडचण आहे.

खोखा, पेठ आणि परपेठ

ही अडचण नवी नाही. उल्हासनगरच्या इतिहासात तिची एक जुनी ओळख आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेले निर्वासित वसले आणि १९४९ मध्ये या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. सिंधचा प्रदेश व्यापाराला सरावलेला होता. तेथील शिकारपूरच्या पेढ्यांची हुंडी अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत अफगाणिस्तान ओलांडून बुखाऱ्यापर्यंत चालत असे. न्यायालय दूर, तार नाही, वाटेत डाकू. तरीही कागदाच्या एका चिठोऱ्यावर रक्कम मिळत असे, कारण हुंडी न सकारणाऱ्या पेढीचे नाव साऱ्या बाजारात बुडत असे.

एकाच हुंडीचे पैसे दोनदा उचलले जाऊ नयेत म्हणून या व्यवहारात पक्के संकेत होते. पैसे चुकते झालेली हुंडी रद्द होऊन तिचा ‘खोखा’ होई. मूळ हुंडी गहाळ झाली तर ‘पेठ’ लिहून दिली जाई, तीही हरवली तर ‘परपेठ’. आणि यांपैकी एकीवर पैसे दिले गेले की बाकीच्या निरर्थक ठरत. कागद एकच आहे, त्यावर पैसा एकदाच मिळेल, ही खात्री हा साऱ्या हुंडी व्यवहाराचा कणा होता.

आजचे बिल संगणकावर तयार होते आणि त्याच्या हव्या तितक्या प्रती निघतात. एकच बिल दोन-तीन बँकांना दाखवून प्रत्येकीकडून पैसा उचलणे त्यामुळे फारसे कठीण राहिलेले नाही. अशी लबाडी थोडेच लोक करतात. पण तिच्या भीतीपोटी बँका साऱ्याच लहान कारखानदारांकडे संशयाने पाहतात, तारण मागतात, दर चढवितात किंवा सरळ नकार देतात. मूठभरांच्या लबाडीचे व्याज प्रामाणिकांनी भरावे असा हा प्रकार आहे.

लहान कारखानदाराच्या नावाला बाजारात पत नसणे म्हणजे काय, हे या परिसराला वेगळे सांगावयास नको. ‘मेड इन यू. एस. ए.’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशनचा माल, हा विनोद मुंबईच्या लोकलगाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकू आला. हसणाऱ्यांना त्यामागचे अर्थकारण क्वचितच जाणवले. ज्याच्या स्वतःच्या नावावर कोणी विश्वास टाकीत नाही, त्याला दुसऱ्याचे नाव उसने घेण्याचा मोह होतो. वेळेवर माल देणाऱ्याचा वर्षानुवर्षांचा चोख व्यवहार जर कोणाच्याच वहीत दिसत नसेल, तर त्या चोखपणाला बाजारात किंमत येणार कोठून?

तीन प्रतिस्पर्धी, एक वही

रिझर्व्ह बँकेने २०१४ च्या डिसेंबरमध्ये व्यापारी येणी वटविण्याच्या एका व्यवस्थेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. ‘ट्रेड्स’ या संक्षिप्त नावाने ती ओळखली जाते. लहान पुरवठादाराने आपले बिल या व्यवस्थेवर चढवावे, खरेदीदाराने ते मान्य करावे, मग बँकांनी ते वटविण्यासाठी आपापले दर सांगावेत आणि पुरवठादाराने सोयीचा दर निवडावा, अशी तिची रचना आहे. मुदत भरल्यावर खरेदीदार बँकेला पैसे देतो. त्याने ते बुडविले तरी बँकेला पुरवठादाराकडे परत तगादा लावता येत नाही. कर्जाचा दर ठरतो तो खरेदी करणाऱ्या बड्या कंपनीच्या पतीवर. लहान कारखानदाराच्या दृष्टीने हा या व्यवस्थेचा सर्वांत मोठा लाभ होय.

२०१७ मध्ये अशा तीन बाजारपेठा सुरू झाल्या: राष्ट्रीय शेअर बाजार व सिडबी यांनी मिळून काढलेली आरएक्सआयएल, अ‍ॅक्सिस बँक व एमजंक्शन यांची इन्व्हॉइसमार्ट आणि माइंड सोल्युशन्सची एमवनएक्स्चेंज. तिघी एकमेकींच्या प्रतिस्पर्धी. एका ठिकाणी वटविलेले बिल दुसरीकडे पुन्हा चढविले जाणार नाही याची खात्री तिघींनाही हवी होती. परंतु आपल्याकडे कोणाची कोणती बिले आली हे दुसरीला दाखविणे एकीलाही परवडणारे नव्हते.

२०१८ मध्ये या पेचावर तोडगा निघाला. न्यूयॉर्कच्या मोनेटागो या कंपनीने तिघींसाठी एक सामायिक खतावणी उभी केली. तिच्यात मूळ बिल जात नाही. जातो तो बिलाचा गणिती ठसा. ठशावरून विक्रेता, खरेदीदार किंवा रक्कम ओळखता येत नाही, पण तोच ठसा पुन्हा आला तर तो लगेच कळतो. प्रतिस्पर्ध्याला आपले गुपित न सांगताही बिल एकदा वटविले गेले आहे, एवढी एकच गोष्ट सर्वांना समजते. ‘खोखा’ झालेली हुंडी साऱ्या बाजाराने ओळखावी, तसेच हे झाले.

संहिता खुली का हवी?

ही खतावणी ज्या पायावर उभारली गेली त्याचे नाव हायपरलेजर फॅब्रिक. त्याची जन्मकथा लक्षात घेण्याजोगी आहे. १९९१ मध्ये लिनस टॉरवल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने सुरू केलेली लिनक्स ही संगणक प्रणाली जगभरच्या स्वयंस्फूर्त सहकार्यातून वाढली. तिची जोपासना करणाऱ्या लिनक्स फाउंडेशनने २०१५ च्या डिसेंबरमध्ये उद्योगधंद्यांसाठी ब्लॉकचेन घडविण्याचा हायपरलेजर हा प्रकल्प जाहीर केला. आयबीएम, इंटेल, जे. पी. मॉर्गन अशा, एरवी एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्या त्यात सामील झाल्या. आयबीएम आणि डिजिटल असेट यांनी दिलेल्या संहितेतून फॅब्रिक आकारास आले आणि २०१७ च्या जुलैमध्ये त्याची पहिली परिपूर्ण आवृत्ती निघाली. त्यात चलन नाही, सट्टा नाही. ओळख पटलेल्या सदस्यांनाच प्रवेश आहे. त्याची संहिता कोणीही वाचावी, वापरावी, सुधारावी, असा त्याचा परवाना आहे. पुढे २०२४ मध्ये हा सारा पसारा लिनक्स फाउंडेशनच्याच एका व्यापक संघटनेत विलीन करण्यात आला.

बड्या कंपन्यांनी हे परोपकारबुद्धीने केले असे मानण्याचे कारण नाही. वही सामायिक असेल तर ती लिहिण्याची रीतही सर्वांना तपासता आली पाहिजे, नाहीतर सामायिकपणा नावापुरता उरतो, हे व्यवहारी शहाणपण त्यामागे होते. ज्या यंत्रणेची संहिता बंद आहे, तिचा मालक उद्या भाडे वाढवील, नियम बदलील किंवा धंदा गुंडाळील, आणि वापरणाऱ्यांच्या हाती काही राहणार नाही. लहान कारखानदाराला ही भीती अधिक, कारण त्याच्यापाशी वकिलांची फौज नसते.

मात्र संहिता खुली असली म्हणजे सारे साधले, असेही नाही. जहाजवाहतुकीतील मर्स्क ही कंपनी आणि आयबीएम यांनी २०१८ मध्ये ट्रेडलेन्स या नावाने सागरी मालवाहतुकीची सामायिक नोंदवही सुरू केली. तिचाही पाया फॅब्रिकच होता. साधन उत्तम, पैसा भरपूर. तरीही २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये ती बंद करण्याचे जाहीर झाले आणि २०२३ च्या आरंभी ती थांबली. साऱ्या उद्योगाचे जे सहकार्य तिला हवे होते ते मिळाले नाही, अशी कबुली चालकांनीच दिली. संहिता सर्वांची होती, उपक्रम मात्र दोघांचा होता. प्रतिस्पर्ध्याच्या घरात आपली वही ठेवण्यास इतर जहाज कंपन्या सुरुवातीपासूनच कचरत होत्या. खुलेपणा संहितेत हवा तसाच तो कारभारातही हवा, हा या अपयशाचा धडा आहे.

साखळीचे पहिले कडे

आता अंबरनाथच्या कारखानदाराने विचारावा असा प्रश्न उरतो: या साऱ्यामुळे त्याचे बिल लवकर चुकते होईल काय? उत्तर निम्मे होकारार्थी आहे. एकदा मान्य झालेले बिल दुबार वटविले जाणार नाही, याची हमी सामायिक वही देते. त्यामुळे बँकेची भीती कमी होते आणि दर उतरण्यास वाव मिळतो. परंतु खरेदीदाराने बिल मान्यच केले नाही तर? वहीत नोंद पडण्यापूर्वीच माणसाची टाळाटाळ सुरू होते. माल पोचला तरी तपासणी झाली नाही, साहेब रजेवर आहेत, कागद वरच्या कार्यालयात गेला आहे, ही उत्तरे कोणतीही साखळी मोडू शकत नाही, कारण ती साखळीबाहेर दिली जातात.

अंबरनाथच्या शिवमंदिरातील शके ९८२ चा शिलालेख साडेनऊशेहून अधिक वर्षे टिकून आहे. दगड मजकूर राखतो. तो मजकूर खरा की खोटा हे ठरविणे दगडाचे काम नव्हे. ब्लॉकचेनचेही तसेच आहे. चुकीची नोंद ती तितक्याच निष्ठेने जपते, आणि जी नोंद झालीच नाही तिच्याविषयी ती मुकी राहते.

या पहिल्या कड्याला हात घालण्याचे साधन कायद्यात पूर्वीपासून आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६ अन्वये लेखी करार असला तरी देणे ४५ दिवसांपलीकडे लांबविता येत नाही. लांबविल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. त्याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे, जिच्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. माल पोचल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचला त्याच दिवशी तो स्वीकारला गेला असे धरले जाते. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकराच्या बाजूनेही दट्ट्या लावला: सूक्ष्म व लघु उपक्रमांचे देणे मुदतीत न दिल्यास ते प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला त्या खर्चाची वजावट मिळत नाही.

तरीही परिस्थिती पालटली नाही, याचे कारण उघड आहे. कायद्याचा आधार घेणाऱ्याला पुढची ऑर्डर मिळत नाही. ५०० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना ‘ट्रेड्स’वर येण्याची सक्ती २०१८ मध्ये झाली आणि २०२४ मध्ये ही मर्यादा २५० कोटींवर आणली गेली, पण या आदेशांनी सक्ती केली ती नोंदणीची. दुकानात पाऊल टाकणे बंधनकारक झाले, खरेदी करणे नव्हे.

म्हणून जी सुधारणा व्हावयास हवी ती अवघड नाही. मान्यतेविषयीचा कायद्यातील १५ दिवसांचा नियम सामायिक वहीच्या संहितेतच घातला जावा. पुरवठादाराने बिल व पोचपावती चढवावी. १५ दिवसांत लेखी हरकत नोंदली गेली नाही तर वहीने ते बिल आपोआप मान्य धरावे आणि बँकांपुढे ठेवावे. यात लहान कारखानदाराला कोणाविरुद्ध तक्रार करावी लागत नाही, कोणाचा रोष ओढवून घ्यावा लागत नाही. नियम सर्वांना सारखा लागू असल्यामुळे तो कोणा एकाने केलेला अपमान ठरत नाही. आज जो हक्क कायद्याच्या पुस्तकात आहे तो व्यवहाराच्या रीतीत उतरेल. गणिताची खरी मदत होईल ती येथे.

टेबलाशी जागा

हे घडावयाचे तर वहीचे नियम लिहिले जातात त्या टेबलाशी लहान कारखानदाराला जागा हवी. आजवरच्या साऱ्या प्रयोगांत बँका होत्या, बड्या कंपन्या होत्या, संगणकतज्ज्ञ होते. ज्याचे येणे अडकले आहे तो कोठेच नव्हता. केंद्र सरकारने २०२४ च्या सप्टेंबरमध्ये ‘विश्वस्य’ नावाची राष्ट्रीय ब्लॉकचेन व्यवस्था सुरू केली असून तिची केंद्रे भुवनेश्वर, हैदराबाद आणि पुणे येथील शासकीय संगणक केंद्रांत आहेत. पुण्यातील केंद्राचा लाभ अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींना व्हावा ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही. तिन्ही गावांतील कारखानदारांच्या संघटनांनी एकत्र येऊन अशा प्रयोगाची मागणी करावी, त्याच्या नियमांत मताचा अधिकार मागावा आणि संहिता खुली राहील अशी अट घालावी. संहिता खुली असेल तर ती वाचू शकणारी मुलेही याच गावांतून अभियांत्रिकीचे शिक्षण घेत आहेत. रोज पहाटे लोकलने मुंबई-ठाण्याकडे जाणाऱ्या या बुद्धीला आपल्या गावच्या उद्योगासाठी राबण्याची संधी त्यातून मिळेल.

यापलीकडे एक मोठा वर्ग उरतो, आणि त्याचे विस्मरण होता कामा नये. उल्हासनगरच्या गल्ल्यांतून कपडे शिवणारा, बटणे लावणारा, नगावर मजुरी घेणारा कारागीर बिल देत नाही, चलन घेत नाही. त्याचे येणे तोंडी असते आणि ते बुडाले तर तेही तोंडीच बुडते. ज्याच्या हाती कागदच नाही त्याला साखळीत जागा नाही. लघुउद्योजक बड्या कंपनीकडून जो न्याय मागतो, तोच न्याय त्याने आपल्या दाराशी काम करणाऱ्याला, साध्या छापील पावतीच्या रूपाने का होईना, दिला पाहिजे. सामायिक खतावणीची सुरुवात तेथून झाली तरच तिचा सामायिकपणा खरा ठरेल.